पैठणी कपाटात, घर फडक्यावर

येवल्याची बाई परगावी लग्नाला गेली, की ओळख होता होताच प्रश्न येतो, "अय्या, येवल्याच्या? मग तुमच्याकडे पैठण्या किती हो?" जणू काही आम्ही येवलेकरणी सकाळी केर काढायलासुद्धा मोरबांगडीचा पदर खोचूनच उठतो! अर्थात यात कौतुकच असतं, रागवायचं कारण नाही. राघोजी नाईकांनी विणकरांना बोलावून हे गाव वसवलं, असं इथली जुनी माणसं सांगतात. आजही येवल्यात आणि आसपासच्या नागडे, वडगाव बल्हे यांसारख्या गावांत घराघरांतून मागाचा खटखट आवाज येतो. हजारांपासून लाखापर्यंत किमतीची पैठणी इथे विणली जाते. तेव्हा गावाचं नाव तिच्याबरोबर जोडलं गेलं, हे बरोबरच आहे.

पण मैत्रिणींनो, एक हिशेब करून पाहू या. पैठणी वर्षातून किती वेळा बाहेर निघते? लग्नसराईत दोनदा, मंगळागौरीला किंवा हळदीकुंकवाला एकदा. बाकीचे तीनशे साठ-बासष्ट दिवस ती कपाटात. आणि या तीनशे साठ दिवसांत घर चालतं ते कशावर? काडेपेटी, चिमटा, गाळणं, पोळपाट-लाटणं, सूप, केरसुणी, माठ, हात पुसायचं फडकं यांच्यावर. यांतलं प्रत्येक दिवसातून दहा-वीस वेळा आपल्या हाताखालून जातं. तरी घरातल्या मौल्यवान वस्तू सांगा म्हटलं, तर यांतल्या एकीचंही नाव तोंडावर येत नाही. हरवली तरच आठवण. सकाळी चहा उकळला आणि गाळणं जागेवर नसलं, की सगळं घर डोक्यावर घेतलं जातं. सापडलं, की पुन्हा त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही.

स्वस्त वस्तूचं हेच दुर्दैव आहे. कमी पैशात मिळते, म्हणून तिची निगा नाही. निगा नाही, म्हणून ती लवकर खराब होते. आणि खराब झाली, की आपणच म्हणतो, "स्वस्तातलं ते असंच असायचं!"

पैठणीला सांभाळतं कोण?

पैठणीपासूनच सुरुवात करू. वीस-पंचवीस हजारांची पैठणी घेतल्यावर तिला जपतं कोण? स्टीलचं कपाट? त्याचं काम चोरापासून राखायचं. कसरीपासून, दमटपणापासून आणि काळवंडण्यापासून तिला राखतो तो जुन्या मलमलीचा किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचा तुकडा. सुती कापड हवा खेळती ठेवतं आणि ओल टिपून घेतं. दुकानातून आलेली चकचकीत प्लॅस्टिकची पिशवी दिसायला छान असते, पण आत ओल धरून ठेवते आणि जर काळी पडायला तेवढं निमित्त पुरतं.

तेव्हा पैठणी सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून सावलीत वारा द्यावा आणि घडी बदलावी. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली, की त्या रेघेवर रेशीम कातरतं आणि जर तुटतो. डांबराच्या गोळ्या साडीला लागू देऊ नयेत. अत्तर किंवा सेंट जरीवर उडवू नये. वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा चार लवंगा पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवल्या, तर ते बरं. या साऱ्याचा खर्च किती? बहुतेक घरांत शून्य. वीस हजारांच्या वस्तूची राखण शून्य रुपयांच्या चिंधीकडे असते!

आणि पैठणी घडते, तीही साध्यासुध्या वस्तूंच्या हातांनीच. रेशीम बंगळूरकडचं, जर सुरतेची, ही किमती सामग्री खरी. पण ते रेशीम उकलायला आसारी लागते, गुंडाळायला कांड्या लागतात, ताण्यातून बाणा न्यायला धोटा लागतो, धागे सरळ राखायला फणी लागते. लाकडाच्या आणि बांबूच्या या जिनसा. कांड्या भरायचं काम बहुधा घरातल्या बाया आणि म्हाताऱ्या माणसांकडे असतं. कांडी नीट भरली नाही, तर मागावर बसलेला कसबी विणकरसुद्धा हात बांधून बसेल. पण साडी विकली जाते तेव्हा कौतुक होतं पदराचं. कांडीचं नाव कोण घेतं? आणि कांडी भरणारीचं?

जुन्या लुगड्याने काय केलं, ऐका

जुनं सुती लुगडं म्हणजे आपल्या घरातलं सगळ्यात बिनकिमती कापड. नऊवारीचं वय झालं, की तिचे तुकडे पडतात. काही गोधडीत जातात, काही बाळाच्या लंगोटांत, काही लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला, आणि उरलेलं पायपुसणं. आजकाल तर तेवढंही नाही. सिंथेटिक साड्यांच्या जमान्यात सुती लुगडंच दुर्मीळ झालं आणि फरशी पुसायचं कापडसुद्धा आपण विकत आणू लागलो.

पण याच जुन्या साडीचा मान शास्त्रज्ञांनी केला, हे किती जणींना ठाऊक आहे? बांगलादेशात मतलब नावाचा भाग आहे. तिथे नदी-तळ्यांचं पाणी प्यावं लागणाऱ्या खेड्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, ठाण मांडून असायचा. रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ६५ गावांत, सव्वा लाखाहून अधिक लोकांमध्ये तीन वर्षं एक प्रयोग केला. बायकांना सांगितलं एवढंच, की पिण्याचं पाणी भरताना घागरीच्या तोंडाला जुन्या सुती साडीचं कापड चारपदरी करून बांधा. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा गावांत कॉलराचं प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटलं होतं. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर! तुलनेसाठी काही गावांना नायलॉनची खास जाळी दिली होती. जुनी साडी तिच्यापेक्षा मागे पडली नाही.

यामागचं कारण मोठं मजेशीर आहे. कॉलराचा जंतू इतका बारीक, की तो कापडातून सहज निसटून जाईल. पण पाण्यात तो बहुधा एकटा नसतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक जलकिडे असतात, त्यांच्या अंगाला चिकटून तो राहतो. किडे कापडात अडकले, की त्यांच्याबरोबर जंतूही अडकले. आणि नव्या साडीपेक्षा जुनी साडी सरस ठरली, कारण पुष्कळदा धुतल्याने सुताचे तंतू मोकळे होतात, पसरतात आणि कापडाची भोकं आणखी बारीक होतात. म्हणजे जितकं जुनं तितकं गुणी. हे भाग्य पैठणीलाही नाही!

आपल्या येवले तालुक्यात पाण्याची कथा काही वेगळी सांगायला नको. कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि टँकरच्या पाण्यात काय काय येतं, ते हंडा भरणाऱ्या बाईलाच विचारावं. अशा पाण्याला एकपदरी गाळणं पुरत नाही. चार पदर घ्यावेत. गाळून झाल्यावर कापड साध्या पाण्यात खळबळून, शेवटी गाळलेल्या पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवावं. ओलं कापड तसंच नळाला गुंडाळून ठेवलं, तर तेच घाणीचं घर होतं. मात्र एक लक्षात ठेवा. गाळल्याने सगळे जंतू जात नाहीत. गाळून मग उकळणं किंवा पाण्यात औषध टाकणं हेच बिनधोक. पण जिथे जळणाची चणचण आहे, तिथे नुसतं गाळणंही काही थोडं काम करत नाही.

मीठ, साखर आणि एक चमचा

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. बनगाव इथल्या छावणीत कॉलरा उसळला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं, जमिनीवर रोगी पडलेले. तिथे डॉक्टर दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, की घोटघोट पाजत राहा. एरवी शंभरांतले तीसेक रोगी दगावत होते. या पाण्यावर ते प्रमाण चारच्याही खाली आलं. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लिहिलं, की हा कदाचित या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल. महालनोबीस २०२२ साली गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

यातलं वर्म असं, की जुलाबात नुसतं पाणी पाजलं, तर ते आतड्यात टिकत नाही. साखर असली, की ती मिठाला बरोबर घेऊन आत शिरते आणि दोघांच्या पाठोपाठ पाणी जातं. मीठ आणि साखर दोन्ही आपल्या फडताळात पहिल्या फळीवर असतात. लागतं ते फक्त माप. तेव्हा हे माप स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहूनच ठेवा:

उकळून गार केलेलं पाणी १ लिटर, साखर ६ सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा.

चमचा सपाट हवा, शीग लावलेला नको. मीठ जास्त झालं, तर लहान बाळाला अपाय होतो. अश्रूंपेक्षा खारट लागलं, तर ते पाणी फेकून नवीन करावं. एकदा केलेलं पाणी चोवीस तासांपलीकडे ठेवू नये. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नये. ओ.आर.एस.ची पुडी घरात असेल, तर ती अधिक चांगली. आणि डोळे खोल गेले, लघवी होईना, बाळ मलूल पडलं, उलटी थांबत नसली किंवा जुलाबात रक्त दिसलं, तर पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

घरातल्या चहाच्या चमच्याकडे एवढ्या आदराने कधी पाहिलं होतंत का?

माठ, सूप आणि केरसुणी

आता रोजच्या तीन मानकऱ्यांकडे वळू.

माठ. फ्रिज आला तसा माठ गॅलरीत गेला आणि तिथून त्यात तुळस लागली. पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठासारखा दुसरा उपाय नाही. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपून बाहेर येतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वीज नाही, मोटार नाही. हवा जितकी कोरडी तितका माठ जास्त थंड. मुंबईच्या दमट हवेत बिचाऱ्याचं काही चालत नाही, म्हणून तिकडच्या पाहुण्या येवल्याला आल्या, की माठाचं पाणी मागून पितात.

नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा आणि पहिलं पाणी झाडांना घालावं. साबणाने कधी धुऊ नये, माती तो शोषून घेते. आतून-बाहेरून काथ्याने घासावा. बाहेर पांढरा थर जमतो तो पाण्यातल्या क्षारांचा. तो छिद्रं बुजवतो आणि मग "यंदा माठ गार करत नाही" अशी तक्रार होते. दोष माठाचा नसतो. वारा लागेल अशा सावलीच्या जागी, ओल्या वाळूवर तो ठेवावा. वर झाकण असावं आणि पाणी काढायला दांड्याचं ओगराळं. हात घातलेलं पाणी कितीही गार असलं तरी काय कामाचं?

सूप. चाळणी आणि सूप यांत फरक काय, असं एखाद्या नव्या सुनेला विचारून पाहा. चाळणी निवडते आकारावर, सूप निवडतं वजनावर. गव्हाच्या दाण्याएवढाच खडा असला, तर चाळणी त्याला ओळखत नाही. सुपात घोळलं, की जड खडा बरोबर वेगळा पडतो, आणि पाखडलं, की फोल आणि कोंडा पुढे उडून जातो. असं यंत्र मिक्सरच्या भांड्यांत येत नाही. पाकिटातलं 'निवडलेलं' धान्य आणता, तरी महिन्यातून एकदा सुपात घेऊन पाहा. पोरकिडे दिसले, तर सूपच दाखवेल.

जुन्या बायका सूप-टोपल्यांना भिजवलेला कागद आणि मेथीच्या वाटणाचा लगदा लावून सारवत. फटी बुजतात, बारीक धान्य गळत नाही आणि बांबूच्या काड्या टोचत नाहीत. सूप भिजू देऊ नये, भिजलंच तर आडवं न ठेवता टांगून वाळवावं. प्लॅस्टिकचं सूप हलकं असतं खरं, पण धान्य त्यावरून घसरतं. बांबूच्या विणीला जी पकड आहे, ती त्याला नाही.

आणि सूप विणणारा बुरूड हा येवल्यात साधा माणूस समजू नका! संक्रांतीला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवल्याच्या गच्च्या माणसांनी भरतात, हलकडी वाजते आणि आकाश पतंगांनी झाकून जातं. इतर गावांत चक्री असते, आमच्याकडे मांजाला आसारी लागते. बांबूच्या कामट्यांची, हलकी आणि भिंगरीसारखी फिरणारी. रेशीम उकलणाऱ्या आसारीचीच ही बहीण म्हणायची. ज्या हातांनी सूप विणलं जातं, तीच कारागिरी आसारीत उतरते. आसारीला पोरं हौसेने पैसे मोजतात. सुपासाठी मात्र आपण पाच-दहा रुपयांवरून अर्धा तास घासाघीस करतो. बांबू फोडायचा, कामट्या तासायच्या, त्या विणायच्या, काठ बांधायचा. किती तास गेले असतील, हा विचार मनात आला, तर ते दहा रुपये मागायला आपली जीभच वळणार नाही.

केरसुणी. शिंदीच्या पानांची ही केरसुणी वर्षात एक दिवस लक्ष्मी होते. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतो, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दाराआड! ज्या कुणी ही रीत पाडली, त्यांना घराची नाडी कळत होती. जिथे केर निघतो तिथे रोग कमी, रोग कमी तिथे पैसा टिकतो. अंगणाला नारळाच्या हिरांचा खराटा, शेणामातीच्या जमिनीला केरसुणी, गुळगुळीत फरशीला मऊ गवताचा झाडू, अशी जिची तिची जागा आहे. एकच झाडू सगळीकडे फिरवला, की तो महिन्यात झडतो. झाडू टोकावर उभा करू नये, टोकं वाकतात. दांड्याकडून टांगावा. ओल्या फरशीवर तर मुळीच फिरवू नये.

चार पैशांची वस्तू, मोठा धोका

काही स्वस्त वस्तू अशा आहेत, की त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं तर गाठ जिवाशी येते. या तीन गोष्टी आजच बघा.

कुकर आपण कंपनी पाहून घेतो, पण त्याचा सगळा भरवसा आहे तो झाकणावरच्या बोटाएवढ्या सेफ्टी व्हॉल्व्हवर आणि रबरी रिंगवर. शिट्टीची नळी डाळीच्या फेसाने बंद झाली, तर वाफेला वाट देतो तो हा व्हॉल्व्ह. शिट्टी लावण्यापूर्वी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं का, ते रोज पाहावं. रिंग कडक झाली, ताणली गेली, तर दोरा गुंडाळून किंवा पीठ लावून दिवस ढकलू नयेत. त्याच कंपनीची नवी रिंग आणि व्हॉल्व्ह आणावा. रस्त्यावरचा दुसरा कुठला तरी व्हॉल्व्ह बसवणं म्हणजे दाराला कागदाची कडी लावणं.

गॅसची रबरी नळी. शेगडी काचेची आणि नळी मात्र लग्नात आलेली! आय.एस.आय. शिक्क्याची सुरक्षा नळी घ्यावी आणि पाच वर्षांनी ती बदलावी. नळीवर कापड किंवा दुसरी नळी चढवू नये, मग भेग दिसतच नाही. वास आला, तर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावं. काडी ओढून पाहण्याचं धाडस कुणीही, कधीही करू नये.

आणि काडेपेटी. चौदा वर्षं ती एक रुपयाला मिळत होती. १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपये झाली, तेव्हा कुठे लोकांनी तिच्याकडे मान वळवून पाहिलं. पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. वीज गेलेल्या रात्री अंधारातही हात नेमका जाईल अशी तिची एकच जागा ठरलेली असावी.

सेफ्टी पिनचंही सांगायला हवं. बांगडीला अडकवलेल्या चार पिना म्हणजे बाईच्या जातीचा विमाच! पदर, निऱ्या, तुटलेली नाडी, मंगळसूत्राची सुटलेली कडी, सगळ्याला तीच धावते. ती शोधली अमेरिकेतल्या वॉल्टर हंट नावाच्या माणसाने. १८४९ साली पेटंट घेतलं आणि सगळे हक्क अवघ्या ४०० डॉलरना विकून टाकले. ज्याने ती बनवली, त्यालाही तिची खरी किंमत कळली नाही. मग आपल्याला कळायला वेळ लागला, तर नवल नाही.

ज्यांनी अडकित्त्यांचा संसार मांडला

पण किंमत ओळखणारी माणसंही झाली. पुण्याला गेलात, तर बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलांना घेऊन जरूर पाहा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे गृहस्थ. साधारण १९२० पासून ते वस्तू जमवू लागले. राजेरजवाड्यांच्या हिरेमाणकांपेक्षा त्यांचा जीव रमला तो दिवे, अडकित्ते, खवण्या, कुलपं, दौती, कुंकवाचे करंडे आणि पाय घासायच्या वज्ऱ्यांमध्ये. पत्नी कमलाबाई सोबतीला होत्या. खेडोपाडी फिरून, पदरचे पैसे घालून त्यांनी हा ठेवा गोळा केला. एकुलता मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याचं नाव संग्रहालयाला दिलं आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संसार सरकारच्या स्वाधीन केला.

तिथल्या काचेमागे असलेली खवणी किंवा वज्री कुणा तरी बाईच्या हातातली आहे. तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. पण मूठ झिजलेली दिसते, आणि कळतं, की इथे कुणी तरी वर्षानुवर्षं नारळ खवला. तुमच्या सासूबाईंचा अडकित्ता किंवा आईची विळी भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी ही झीज एकदा बोटाने चाचपून पाहा. सगळंच साठवून घराचा उकिरडा करा, असं मी म्हणत नाही. पण एखादी वस्तू ठेवा, आणि ती कुणाची होती, ते नातवंडांना सांगा.

खरी किंमत कशी काढावी?

याची एक सोपी रीत आहे. वस्तूच्या किमतीला वापराच्या वेळांनी भागायचं. समजा, पंधरा हजारांची पैठणी वर्षातून तीनदा नेसली आणि वीस वर्षं टिकली. साठ वेळा झाल्या. एका वेळेला पडले अडीचशे रुपये. समजा, दोनशे रुपयांचं सूप रोज एकदा वापरलं आणि चार वर्षं टिकलं. एका वेळेला चौदा पैसेसुद्धा पुरते पडत नाहीत. मग स्वतःला दुसरा प्रश्न विचारायचा, "ही वस्तू उद्या नसली, तर माझं काय अडेल?" या दोन उत्तरांत वस्तूची खरी किंमत येते. पैठणीने मन भरतं, तेही हवंच. पण सुपाचं आणि माठाचं मोल तिच्या शेजारी मांडलं, तर ते काही खाली बसणार नाही.

स्वस्त म्हणून काहीही उचलून आणणं मात्र वेगळं. बाजारात पन्नास रुपयांत कांदा कापायचं, लसूण सोलायचं, लिंबू पिळायचं यंत्र मिळतं. चार दिवस चालतं आणि मग ओट्याखाली धूळ खातं. भागाकार केला, की तेच सगळ्यात महाग पडलेलं दिसतं. आधी घरची विळी धार लावून घ्यावी!

आणि भागाकार करता करता आणखी एक गोष्ट मनात येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, कुणाचा वेळ कशात जातो याची. घरकाम करणारी बाई त्यासाठी तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होती. घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे तिची पाच तास, त्याचा दीड. आणि या पाच तासांचा एक पैसाही कुठल्या खात्यात जमा होत नाही. घरातल्या गाळण्यासारखंच आहे हे. जागेवर असेपर्यंत दिसत नाही. बाई दोन दिवस तापाने पडली, की सगळ्यांना एकदम कळतं, घरात कुठली वस्तू कुठे असते, ते फक्त तिलाच ठाऊक होतं!

म्हणून मुलांना आणि त्यांच्या वडिलांनाही या साध्या वस्तूंशी ओळख करून द्या. माठ कसा धुवायचा, कुकरची नळी कशी बघायची, मीठ-साखरेच्या पाण्याचं माप कुठे लिहिलंय. ज्याच्या हाताला वस्तूची निगा ठाऊक होते, त्याला ती निगा राखणारीचे कष्टही कळायला लागतात.

यंदाचं वाण

शेवटी एक सुचवते. संक्रांतीला आपण वाण लुटतो. अलीकडे त्यात काय असतं? प्लॅस्टिकच्या डब्या, चमकीचे आरसे, कधी न उघडणाऱ्या पर्सा. पाचव्या घरचं वाण सहाव्या घरी फिरतं. त्याऐवजी तेवढ्याच पैशांत यांतलं काही देऊन पाहा:

• घागरीच्या तोंडावर चारपदरी बसेल असा मऊ सुती कापडाचा चौकोन, कडा शिवलेला.
• ओ.आर.एस.च्या दोन पुड्या, आणि मीठ-साखरेचं माप लिहिलेली चिठ्ठी.
• लहान-मोठ्या सेफ्टी पिनांची एक जुडी, सोबत सुई आणि दोन रंगांचा दोरा.
• माठ घासायला काथ्याची चुंबळ.
• पैठणी गुंडाळायला मलमलीचा तुकडा.
• बुरडाकडून मागवलेलं हातभर सूप. घासाघीस न करता!

वाण घेणारी क्षणभर चकित होईल, कदाचित हसेलही. पण वर्षभरात कधी तरी, रात्री-अपरात्री, त्यातली एखादी वस्तू तिच्या नेमकी उपयोगी पडेल, आणि त्या वेळी तिला तुमची आठवण येईल.